हौशी नाविकांची बखर

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. ह्या म्हणीची सत्यता ज्यास पडताळून पाहावयाची असेल त्याने घोडा, बागबगीचा किंवा नाटकमंडळी यांच्या वाटेला न जाता शिडाची एखादी लहानशी नौका विकत घ्यावी. घर बांधले म्हणजे ते निदान जागच्या जागी उभे राहते. नौकेचे तसे नाही. पाणी आत येऊ नये म्हणून खर्च, आलेले पाणी उपसावयाचे म्हणून खर्च, आणि कोरड्यावर ओढून ठेवली तर लाकूड सुकून फटी पडतात म्हणून पुन्हा खर्च! इतके करून तिचा मालक सुटीच्या दिवशी पहाटे उठतो, ओल्या कपड्यांनी अर्धेकच्चे अन्न खातो, आगगाडीने दोन तासांत जेथे पोचता येते तेथे दोन दिवसांनी पोचतो, आणि घरी परतल्यावर फार मजा आली असे शपथेवर सांगतो.

अशा माणसांचा इतिहास ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपल्यापैकी बहुतेक घराणी मूळची कोकणपट्टीतील. समुद्र आपल्या अंगणापर्यंत आलेला. परंतु त्या समुद्रावर आपले वाडवडील गेले ते मचव्यातील अथवा आगबोटीतील उतारू म्हणून, नाहीतर मालाचा हिशेब ठेवणारे म्हणून. दोर ओढणारे हात दुसऱ्यांचे होते. ज्याच्या हाती लेखणी त्याच्या हाती दोर नाही, आणि ज्याच्या हाती दोर त्याच्या हाती लेखणी नाही, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इंग्लंडातही एके काळी असेच होते. तेथे ती वाटणी काही चमत्कारिक माणसांनी मोडली, आणि ती मोडताना स्वतःचे हसे करून घेण्यास ती माणसे लाजली नाहीत. त्यांचीच ही हकीकत आहे.

राजाची पैज

'यॉट' हा शब्द मूळचा डच. त्याचा धातू शिकारीचा, पाठलाग करण्याचा; म्हणजे यॉट ही चपळ पाठलागी नौका. इंग्लंडात हा शब्द आणि ही हौस रुजली ती दुसऱ्या चार्ल्स राजामुळे. परागंदा अवस्थेतून १६६० मध्ये तो गादीवर परत आला तेव्हा डच लोकांनी त्याला 'मेरी' नावाची एक सुबक यॉट भेट दिली. राजाला तिचे इतके वेड लागले की त्याने लगेच इंग्रज कारागिरांकडून तशा नौका बांधवून घेण्यास आरंभ केला. आणि राजाने केले म्हणजे धाकट्या भावाने, ड्यूक ऑफ यॉर्कनेही केलेच पाहिजे.

१ ऑक्टोबर १६६१ रोजी ह्या दोघा भावांनी ग्रीनिच ते ग्रेव्हसेंड आणि परत अशी टेम्स नदीवर शर्यत लावली. पैज शंभर पौंडांची. जाताना वारा समोरून होता, राजा हरला. येताना राजाने भरपाई केली आणि पैज वाचविली. जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार त्या दिवशी राजाच्या नौकेवर होता. राजेसाहेब मधूनमधून स्वतः सुकाणू धरीत होते, अशी नोंद त्याने करून ठेविली आहे. एका सार्वभौम राजाने, पगारी सुकाण्या शेजारी उभा असताना, निव्वळ गंमत म्हणून सुकाणूला हात घालावा, ही गोष्ट लहान दिसली तरी हौशी नौकानयनाचा उगम येथेच मानावयास हरकत नाही.

राजाच्या त्या नौकेचे नाव 'कॅथरीन'. पोर्तुगालची जी राजकन्या लवकरच चार्ल्सची राणी होणार होती तिचे हे नाव. आणि हिच्याच विवाहाच्या करारात, त्याच १६६१ साली, मुंबई बेट इंग्रजांना आंदण म्हणून मिळाले. मुंबई राजाने पुढे १६६८ मध्ये सालीना दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे नौकेच्या एका शर्यतीवर शंभर पौंड लावणाऱ्या ह्या राजाला मुंबईचे वर्षाचे भाडे दहाच पौंड पुरले! हौसेपुढे राज्यकारभाराची किंमत काय राहते ते ह्यावरून दिसते.

पांढरे हातमोजे

राजाची हौस ती सरदारांची हौस. १८१५ साली लंडनमधील काही उमरावांनी जो क्लब काढला आणि पुढे ज्याला रॉयल यॉट स्क्वॉड्रन हे नाव मिळाले, त्याचा सभासद होण्यास दहा टनांहून लहान नौका चालत नसे. ह्या मोठ्या नौकांवर कप्तान पगारी, खलाशी पगारी, आचारी पगारी. धन्याचे काम एवढेच की सकाळी डेकवर यावे, आकाशाकडे पाहावे, आणि न्याहारीस काय आहे असे विचारावे. समुद्रावरील हा एक वाडाच म्हणावयाचा.

ह्याही वर्गात सन्माननीय अपवाद होते. लॉर्ड ब्रॅसी ह्या श्रीमंत गृहस्थाने व्यापारी जहाजांवरील कप्तानांची रीतसर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविले आणि १८७६–७७ मध्ये आपल्या 'सनबीम' नौकेतून सहकुटुंब पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्या पत्नीने त्या प्रवासाचे जे वर्णन लिहिले ते घरोघर वाचले गेले. परंतु ब्रॅसी म्हणजे नियम नव्हे. सामान्य धनिकाच्या हातचे पांढरे मोजे ओल्या दोराने मळले नव्हते.

हे मोजे उतरवावयास लावले ते मध्यमवर्गाने. वकील, दलाल, डॉक्टर, कचेरीतील कारकून अशी ही माणसे. पगारी खलाशी ठेवण्याची ऐपत थोडी आणि खाज मोठी! १८७२ साली टेम्सकाठी एरिथ येथे कोरिंथियन यॉट क्लब निघाला तोच मुळी नौका हौशी माणसांनी स्वतः चालवाव्यात ह्या उद्देशाने.

दलालाचे भांडण

ह्या पंथाचा मूळपुरुष म्हणून रिचर्ड मॅकमलन ह्याचे नाव घेतात. हा लंडनचा शेअरदलाल. १८५० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, नौकानयनाची बाराखडीही ठाऊक नसता त्याने वीस फुटी 'लिओ' ही नौका घेतली आणि ठेचा खात खात, कोणाची शिकवणी न लावता, तो ती चालवावयास शिकला. पुढे त्याची ऐपत वाढली तशी नौकाही वाढली, आणि नौकेबरोबर पगारी माणसे आली. येथेच तंट्याला सुरुवात झाली.

१८७७ साली फ्रान्समधील शेरबूर बंदरात मॅकमलनसाहेब आपल्या दोन खलाशांच्या आळसाला आणि बेपर्वाईला इतके कंटाळले की त्यांनी दोघांनाही तेथल्या तेथे रजा दिली. हे शिस्तीला धरून झाले. परंतु आता साडेएकोणीस टनांची 'ओरायन' नौका आणि तिचा एकटा धनी बंदरात उरला. नोकर काढल्यावर घरातील केर कोणी काढावयाचा असा प्रश्न पडलेले यजमान आपण पाहिले आहेत. ह्या यजमानाचा केर काही मणांचा नांगर आणि तितकीच वजनदार शिडे एवढा होता. दुसऱ्या कोणी नवीन माणसे शोधली असती. मॅकमलनने कप्प्या आणि दोर यांच्या युक्त्या लढवून, बळापेक्षा सबुरीवर भिस्त ठेवून, एकट्याने नांगर उचलला, एकट्याने शिडे चढविली, आणि खाडी ओलांडून नौका इंग्लंडला आणली. मग एकोणीस टनी नौका आपणास एकट्याने का चालवावी लागली, ह्यावर त्याने एक पुस्तकच लिहिले.

त्याच्या लेखनात नोकरमाणसांविषयीची कुरकुर जागोजागी भरली आहे आणि ती वाचताना हसू आवरत नाही. परंतु हसण्याच्या भरात एक गोष्ट निसटू नये. कोणते काम केव्हा केले, कोठे चुकले, दोर कोठे अडकला, हे त्याने टिपून ठेविले. म्हणून त्याच्या मागून येणाऱ्यांस एकट्याने नौका हाकण्याची विद्या आयती मिळाली. हा करडा दलाल १८९१ साली आपल्या 'पर्सियस' नौकेत एकटाच निघाला असता भर समुद्रात मरण पावला. फ्रेंच कोळ्यांना नौका आढळली तेव्हा धनी आपल्या जागेवर बसलेलाच होता.

पत्रके आणि जुनी होडी

मॅकमलनच्या उलट स्वभाव जॉन मॅकग्रेगर ह्या स्कॉटिश बॅरिस्टराचा. हा धर्मनिष्ठ आणि आनंदी. १८६५ साली त्याने 'रॉब रॉय' नावाच्या पंधरा फुटी होडक्यातून युरोपातील नद्यांवर हजार मैलांचा प्रवास केला आणि त्याचे पुस्तक तडाख्याने खपले. १८६७ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले तेव्हा त्याने त्याच नावाची एकवीस फुटी शिडाची नौका बांधवून घेतली आणि एकट्यानेच समुद्र ओलांडून, सीन नदीने वर जाऊन, पॅरिस गाठले. नौकेतच निजणे, नौकेतच स्वयंपाक. सामानात कपडे बेताचे, पण धर्मपत्रकांचे गठ्ठे मात्र भरपूर! वाटेतील प्रत्येक बंदरात नांगर टाकावयाचा आणि जो खलाशी दोर धरावयास येईल त्याच्या हाती एक पत्रक ठेवावयाचे, असा त्याचा परिपाठ. मदतीला धावून येणाऱ्यास बिदागीऐवजी उपदेश मिळाला म्हणजे त्याच्या तोंडावर कोणते भाव उमटत असतील ते वाचकांनीच कल्पावे.

ई. एफ. नाइट हाही पेशाने बॅरिस्टर, परंतु त्याचे लक्ष कोर्टापेक्षा क्षितिजाकडे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटीवरून काढून टाकलेली सागवानी जीवरक्षक होडी त्याने विकत घेतली, तिच्यावर तख्तपोशी केली, दोन डोलकाठ्या रोविल्या, आणि १८८७ साली लंडनच्या हॅमरस्मिथहून थेट कोपनहेगन गाठले. ह्या नाइटचे नाव आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांस वेगळ्या कारणाने परिचित असेल. काश्मीर, गिलगिट, हुंझा ह्या प्रदेशाविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. मोडीत निघालेल्या वस्तूला यॉट म्हणण्याचे धैर्य मात्र त्याने त्याआधीच दाखविले होते.

तिरळेपणाचा डॉक्टर

आता ह्या एकांड्या शिलेदारांना संघटना लाभली. १८८० साली आर्थर अंडरहिल ह्या आणखी एका बॅरिस्टराने क्रूझिंग क्लब काढला. तोच पुढे रॉयल क्रूझिंग क्लब झाला. इतके वकील समुद्राकडे का धावले हे सांगणे कठीण. कदाचित् तेथे पक्षकार येत नाहीत म्हणून असेल. ह्या क्लबाचा खरा व्यवसाय म्हणजे सभासदांनी आपापल्या सफरींची हकीकत लिहावी, पाहिलेल्या लहान बंदरांचे नकाशे काढावेत, आणि ते सर्वांनी वापरावेत. सरकारी नकाशे युद्धनौकांच्या आणि मोठ्या जहाजांच्या सोयीचे. चार फूट पाण्यात शिरणाऱ्या नौकेला कोणत्या खाडीत कोठे आसरा आहे, हे ज्याची नौका तेथे अडकली होती तोच सांगू शकणार. अशा प्रकारे एकाची फजिती दुसऱ्याचे मार्गदर्शन होऊ लागली.

ह्या परंपरेतील पंडित म्हणजे डॉ. क्लॉड वर्थ. हे लंडनचे नेत्रवैद्य. तिरळेपणावरील त्यांचा ग्रंथ १९०३ सालचा, आणि दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही हे पाहण्याची 'वर्थची चार ठिपक्यांची तपासणी' आजही नेत्रवैद्य करतात. १९१० साली ह्याच गृहस्थांनी नौकानयनावर ग्रंथ लिहिला. रोग्याचा डोळा ज्या बारकाईने पाहावयाचा त्याच बारकाईने त्यांनी दोर, नांगर आणि फळ्यांचे सांधे पाहिले. लेखणी आणि दोर एका हातात आले म्हणजे काय होते ह्याचा हा उत्तम दाखला.

अर्स्किन चाइल्डर्स हा पार्लमेंटातील कारकून ह्याच क्लबाचा सभासद. त्याचीही 'व्हिक्सन' नौका जुन्या जीवरक्षक होडीचीच बनविलेली. तिच्यातून त्याने १८९७ साली जर्मनीच्या किनाऱ्यावरील वाळूचे दांडे धुंडाळीत बाल्टिक समुद्र गाठला, आणि त्या अनुभवावर १९०३ साली 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी लिहिली. तिच्या आरंभीचा विनोद आपल्या विषयाचे सारच आहे. कथानायक लंडनचा एक छानछोकी अधिकारी. मित्राने यॉटवर बोलाविले म्हणून पगारी खलाशी आणि शुभ्र डेक मनात धरून तो जातो. पाहतो तो एक कळकट होडकी, तिच्यावर एकटा मित्र, आणि ह्याची भलीमोठी ट्रंक खाली नेऊ म्हटले तर दारातून शिरतच नाही! ट्रंकेबरोबर त्याचा तोराही बाहेर राहतो. आणि थोड्याच दिवसांत तो दोर ओढू लागतो, चिखलात उतरू लागतो, माणूस बनतो. चाइल्डर्सचे स्वतःचे आयुष्य मात्र विनोदाने संपले नाही. १९१४ साली त्याने आपल्या 'ॲसगार्ड' नौकेतून आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका नेल्या, आणि १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवीत आयरिश सरकारनेच त्याला गोळी घातली. ती नौका आता डब्लिनच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.

चिखलाची महती

टेम्सच्या मुखापासून उत्तरेकडे एसेक्स आणि सफोक ह्या परगण्यांचा किनारा म्हणजे खाड्या, वाळूचे दांडे आणि चिखल यांचे राज्य. आमच्या बाणकोट-दाभोळकडील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. येथे नौका रुतणे हा अपघात गणला जात नाही, तो दिनक्रम असतो. भरती चढत असताना रुतली तर चिंता नाही. पाणी वाढले की आपोआप सुटते. ओहोटी लागल्यावर रुतली तर मात्र पाणी पुरते उतरून पुन्हा तितके चढेपर्यंत तासन्‌तास बैठक. नौका हळूहळू एका अंगावर कलते, चुलीवरील भांडे घसरते, निजणारा भिंतीवर निजतो. आणि जर उधाणाच्या ऐन भरतीला रुतली, तर पुढे भांगाचे दिवस येतात, पाणी रोज थोडे थोडे कमीच चढते, आणि पुढल्या उधाणापर्यंत धनी कचेरीत आणि नौका शेतकऱ्याच्या बांधाशी, अशी अवस्था होते.

ह्या चिखलाचा भाट म्हणजे मॉरिस ग्रिफिथ्स. १९२७ पासून १९६७ पर्यंत, चाळीस वर्षे, त्याने 'यॉटिंग मंथली' ह्या मासिकाचे संपादन केले. १९३२ साली वाळूच्या दांड्यांमधील अरुंद वाटांवर त्याने लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. थोड्या पैशांत, थोड्या पाण्यात, थोड्या सुटीत समुद्राचे सुख कसे घ्यावे, हे त्याने सामान्य पगारदारांना शिकविले. घरच्या घरी बांधता येतील अशा उथळ नौकांचे आराखडे काढून दिले. त्याची पहिली पत्नी त्याच्याइतकीच पट्टीची नाविक. ती 'पीटर जेरार्ड' ह्या पुरुषी नावाने लेख लिही. तिची नौका वेगळी, त्याची वेगळी! पुढे त्यांचे संसारही वेगळे झाले.

नौका आणि गृहस्थाश्रम यांचा सांधा हा असा नाजूक असतो. 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' ह्या बालकादंबरीचा लेखक आर्थर रॅन्सम ह्याचा अनुभव पाहा. त्याची पत्नी एव्हगेनिया ही पूर्वी रशियात ट्रॉट्स्कीची चिटणीस होती. तिच्याबरोबर १९२२ साली 'रॅकुंड्रा' ह्या नव्या नौकेतून त्याने बाल्टिक समुद्रात केलेल्या सफरीचे पुस्तक प्रसिद्ध आहे. पुढे त्याने 'नॅन्सी ब्लॅकेट' घेतली. रॅन्समचे तिच्यावर फार प्रेम. १९३७ च्या त्याच्या कादंबरीतील नौका तीच. परंतु तिच्यावरील स्वयंपाकाची जागा फार तोकडी, असा एव्हगेनियाबाईंचा अभिप्राय पडला. ज्या बाईने क्रांतीचे दप्तर सांभाळले तिच्यापुढे कादंबरीकाराचे काय चालणार? १९३८ साली नॅन्सी विकली गेली आणि मोठी नौका बांधण्यात आली. त्यानंतरही नौका आल्या आणि गेल्या. त्यांतील एकीला तर रॅन्समने आपल्या म्हातारपणाची पाण्यावरील चाकांची खुर्ची असे म्हटले होते.

हसण्यावारी न्यावयाची गोष्ट नव्हे

ह्या सर्व लोकांना शहाणी माणसे हसत. १९४० च्या मे महिन्यात ते हसू थांबले. डंकर्कच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य कोंडले गेले. किनारा उथळ, मोठ्या जहाजांना जवळ जाता येईना. तेव्हा इंग्लंडच्या नद्या-खाड्यांतून शेकडो लहान नौका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी बहुतेकींवर आरमाराची माणसे होती, हे सत्य सांगितले पाहिजे. परंतु काही धनी आपल्या नौका दुसऱ्यांच्या स्वाधीन करीनात. चार्ल्स लाइटोलर हा त्यांतला एक. 'टायटॅनिक' बुडाली तेव्हाचा तिच्यावरील हा अधिकारी. ६६ वर्षांच्या ह्या निवृत्त गृहस्थाने आपली 'सनडाउनर' ही हौशी मोटरनौका आपणच नेणार असे बजावले, आणि १ जून रोजी थोरला मुलगा व एक तरुण सागरी बालवीर यांना घेऊन तो डंकर्कला गेला. परतताना त्या नौकेत तिघांखेरीज १२७ सैनिक होते. २६ मे ते ४ जून ह्या दिवसांत एकूण ३,३८,२२६ माणसे सोडविण्यात आली. चिखलाचा भाट ग्रिफिथ्सही मागे नव्हता. आरमाराच्या राखीव दलात सुरुंग निकामी करण्याच्या कामगिरीबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळाले.

मुंबईची नौका आणि दोन नोंदवह्या

आता आपल्या घराजवळ येऊ. मुंबईस रॉयल बाँबे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. स्वातंत्र्यापूर्वी हिंदी माणसाला तेथे सभासदत्व नसे. साहेबांच्या नौका सांभाळणारे तांडेल-खलाशी मात्र येथलेच. स्वातंत्र्यानंतर त्याच मुंबईत एक नौका बांधली गेली आणि तिने जगाच्या इतिहासात नाव नोंदविले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरील तरुण इंग्रज अधिकारी. त्याने आणि त्याच्या मित्रांनी नौकेचे आराखडे विलायतेहून मागविले; आले ते भलतेच, जुन्या पद्धतीच्या जाड नौकेचे! बदलून मागविण्यास वेळ नव्हता, म्हणून तेच घेऊन मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि हाताचे सामते चालवून ३२ फुटी सागवानी नौका उभी केली. तिचे नाव 'सुहैली'. सुहैल हे आपल्या अगस्त्य ताऱ्याचे अरबी नाव. इराणी आखातातील आग्नेयेच्या वाऱ्याला अरब खलाशी सुहैली म्हणतात. ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला त्याच्या ताऱ्याचे नाव ह्या नौकेला शोभलेच.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन एकटाच इंग्लंडातून निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, परतला. मनुष्याने हे प्रथमच केले. ही शर्यत नऊ जणांची होती; पुरी केली एकट्याने. नौका वाटेत गळू लागली, त्याने पाण्यात उतरून फटी बुजविल्या. आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. बिनतारी संदेशयंत्र बंद पडले. हे सारे त्याने जसेच्या तसे, बढाई न मारता लिहिले.

त्याच शर्यतीतील डोनाल्ड क्रोहर्स्ट ह्याची कथा ऐकून मन विषण्ण होते. तो खरा सुटीच्या दिवसांपुरता हौशी नाविक, लहान कारखान्याचा मालक. कर्जाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन, अपुऱ्या तयारीच्या नौकेतून तो निघाला. नौका दक्षिण महासागरास टिकणार नाही हे त्याला लवकरच कळले. परत फिरावे तर दिवाळे आणि उपहास. पुढे जावे तर मृत्यू. त्याने तिसराच मार्ग धरला. अटलांटिकमध्येच रेंगाळत राहून तो आपला ठावठिकाणा खोटा कळवू लागला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका रिकामी आढळली. तिच्यावरील नोंदवह्यांनी सारे खरे सांगितले. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ह्या प्रसंगावरून मागचा सारा इतिहास पुन्हा पाहावा. मॅकमलनची कुरकुर, क्लबाच्या सभासदांनी लिहिलेल्या फजित्या, ग्रिफिथ्सचा चिखल, हे सारे केवळ हसण्यासाठी नव्हते. आपली नौका रुतली हे हसत सांगता येणे, ही त्या विद्येची पहिली पायरी होती. जो आपली फजिती सांगू शकतो तो परत फिरू शकतो. आणि जो परत फिरू शकतो तो वाचतो. क्रोहर्स्टला समुद्राने मारण्यापूर्वी लोक काय म्हणतील ह्या धास्तीने मारले. ही धास्ती आपल्या मध्यमवर्गीय घरांत किती मुरलेली आहे हे का सांगावयास पाहिजे?

आपल्या बाजूचा हिशेब उजळत नाही असे नव्हे. नौसेनेचे अधिकारी दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' नौकेतून निघाले आणि चार बंदरे घेत मे २०१० मध्ये मुंबईस परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आराखडा डच. दोंदे यांनी ह्या कामाची उमेदवारी सुरू केली ती २००६ साली, नॉक्स-जॉन्स्टनच्या नौकेवर पडेल ते काम करून. राजाला यॉट देणाऱ्या डचांपासून आणि मुंबईच्या सागवानी सुहैलीपासून निघालेले धागे असे मांडवी नदीच्या काठी एकत्र आले. दोंदे यांनी आपली हकीकत स्वतः लिहिली, हेही ह्या परंपरेस धरूनच झाले.

परंतु कोकणच्या तांडेलांची विद्या? कोणत्या खाडीच्या मुखाशी दांडा कोठे सरकतो, भांगाला पाणी किती राहते, आकाशाच्या कोणत्या रंगानंतर वारा फिरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिले आणि पुष्कळसे माणसांबरोबर गेले. सुहैली बांधणाऱ्या हातांची हकीकतही आपण वाचतो ती इंग्रजीतून. लेखणी आपल्या हाती होती. आपण ती जमाखर्चाच्या वह्यांत झिजविली.

म्हणून ज्ञातीतील तरुण-तरुणींस एवढेच सुचवावेसे वाटते की, सुटीत गावी जाल तेव्हा खाडीकाठच्या एखाद्या वृद्ध तांडेलाकडे नम्रपणे जावे, त्याला गुरू मानून दोर हाती घ्यावा, आणि तो सांगेल ते वहीत उतरून ठेवावे. नौका चिखलात रुतेल, कपडे भिजतील, घरचे हसतील. तेही वहीत लिहावे. पुढील एखाद्या वर्षी ह्याच स्मरणिकेत ती फजिती छापून आली, तर सर्वांत आवडीने तीच वाचली जाईल.